स्टेशनपासून घरापर्यंत

वाचकहो, प्रवासवर्णन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काश्मीर येते, नाहीतर बोधगया-सारनाथ येते. मी आज तुम्हाला नेणार आहे रुकडीहून कोल्हापूरला. अंतर फार तर 15 किलोमीटर. गाडी पॅसेंजर. या वाटेने मी जन्मभर गेलो-आलो. उद्यमनगरच्या फौंड्रीत तीस-बत्तीस वर्षे मोल्डरचे काम केले, डबा घेऊन सकाळी चढायचे आणि अंगाला काळी वाळू चिकटलेली घेऊन रात्री उतरायचे. त्या काळात या प्रवासाबद्दल चार ओळी लिहाव्यात असे कधी वाटले नाही. आता वाटले, त्याला कारण माझी नात.

झाले असे की, रुकडी स्टेशनवरून आत आमच्या गावाकडे संध्याकाळी एक बस येत असे. ती बंद झाली. ती परत सुरू व्हावी म्हणून गावातल्या चार जाणत्या माणसांनी अर्ज करायचे ठरवले आणि अक्षर बरे म्हणून लिहायचे काम माझ्याकडे आले. मी दोन पाने लिहून नातीला वाचून दाखवली. ती शिवाजी विद्यापीठात एम. एस्सी. करते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आबा, लिवलंयसा ते खरं हाय, पर तुम्ही रिटायर होऊन नऊ वर्सं झाली. एक दिवस माझ्यासंगं या, मग लिवा."

म्हटले, बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सौ.ने दोन डबे भरले. एक नातीचा, एक माझा. चपाती, वांग्याची भाजी आणि चिमटीभर खर्डा. सह्यांचा कागद पिशवीत घेतला आणि निघालो.

सकाळचे रुकडी स्टेशन ज्याने पाहिले नाही त्याने कोल्हापूरची कष्टाची माणसे पाहिली नाहीत असे मी म्हणेन. मेथीच्या पेंढ्या बांधून पाट्या घेऊन बसलेल्या बायका, किटल्या घेतलेले दूधवाले, बांधकामावर जाणारे गवंडी आणि त्यांच्या हाताखालच्या बाया, उद्यमनगर आणि शिरोलीचे कामगार, शाळा-कॉलेजची पोरे. गाडीला उशीर असला की कोणी विचारत नाही. लाईन एकेरी आहे, समोरची गाडी निघून गेल्याशिवाय आपली सुटत नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. "क्रॉसिंगला उभी हाय" एवढे म्हणायचे आणि पुन्हा बसायचे.

एका भाजीवाल्या अक्कांनी माझ्या हातातला कागद पाहिला. "कशाचा कागुद, दादा?"

"संध्याकाळच्या बसचा."

"आणा हिकडं. सही येत न्हाई, अंगठा चालंल न्हवं?"

"चालतोय की अक्का."

माझ्याकडे शाईचा पॅड नव्हता. नातीने बॉलपेनची शाई त्यांच्या अंगठ्याला चोळली. त्या दिवसाची ती पहिली निशाणी.

ही रेल्वे किती जुनी, याबद्दल आमच्या भागात बरेच गैरसमज आहेत. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 साली सुरू झाली. ती कोल्हापूर संस्थानच्या पैशातून झाली आणि चालवायला सदर्न मराठा रेल्वेकडे दिली. राजर्षी शाहू महाराज त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचे होते, राज्यकारभार त्यांच्या हाती आला तो 1894 मध्ये. तेव्हा रेल्वे महाराजांनीच आणली असे जे सांगितले जाते ते तितकेसे बरोबर नाही. मात्र रेल्वेचा उपयोग कसा करावा हे महाराजांनी दाखवले. लाईनच्या कडेला 1917 साली त्यांनी जयसिंगपूर हे गाव वसवले आणि त्याला आपल्या वडिलांचे नाव दिले. आज ती मोठी बाजारपेठ आहे. मिरजेहून निघाले की कृष्णा ओलांडायची, मग जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गूळ मार्केट आणि शेवट कोल्हापूर. ही नावे मला पाढ्यासारखी पाठ आहेत, कारण ती मला वडिलांनी शिकवली.

माझे वडील या लाईनवर गँगमन होते. पहार, घण आणि खडी हे त्यांचे आयुष्य. पुढे ते कीमन झाले. खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या हद्दीतले रूळ चालत तपासायचे, ढिली झालेली चावी ठोकायची. त्यांच्या वेळी लाईन मीटर गेजची होती, 1970 च्या आगेमागे ती रुंद झाली. मिरज जंक्शनवर त्या काळी तिन्ही मापांचे रूळ होते, मोठे, मधले आणि पंढरपूरकडे जाणाऱ्या बार्शी लाईटचे अगदी लहान. वडील मला खांद्यावर घेऊन ते दाखवायला गेले होते, जसे दुसऱ्या घरची माणसे पोरांना देऊळ दाखवायला नेतात. रेल्वेच्या नोकरीमुळे त्यांना पास मिळे. त्या पासावर आम्ही सगळे भावंडे 6 डिसेंबरला दादरला गेलो. मुंबईची लोकल मी प्रथम पाहिली ती त्या वेळी. दारात लोंबकळणारी माणसे पाहून आई घाबरून म्हणाली होती, "ही मान्सं घरला पोचत्यात का?"

तर रेल्वेचे एक वैशिष्ट्य असे की, तिने डब्यांचे वर्ग पाडले ते पैशावरून. पहिला, दुसरा, तिसरा. जातीचा वेगळा डबा तिने ठेवला नाही. खिडकीतल्या माणसाला पैसे दिले की तो तिकीट देई, आणि तिकीट असलेल्या माणसाला गाडीत बसायचा हक्क असे. आज यात विशेष वाटणार नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवायची मुभा नव्हती, त्याला त्याच गावच्या माणसांच्या शेजारी बाकावर बसता येत होते. शेजारचा सरकून बसे, नाक मुरडे, पण गाडी त्याच्यासाठी थांबत नसे.

आणि तरीही घात कुठे व्हायचा, तर स्टेशनच्या बाहेर. हे मला कळले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींवरून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या लहानशा पुस्तकात 1901 सालचा प्रसंग आहे. बाबासाहेब तेव्हा लहान, कुटुंब साताऱ्याला. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर होते. त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना बोलावून घेतले. बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे, भरजरी टोप्या घालून निघाली. प्रत्येकाला खर्चायला दोन आणे मिळाले होते. पोरांनी स्टेशनवर लेमनेडची एकेक बाटली घेतली आणि गाडीत बसली. गाडीने त्यांना मसूर स्टेशनवर आणून सोडले. इथपर्यंत सगळे ठीक.

वडिलांना पत्र पोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुलांचे कपडे पाहून त्याला ती ब्राह्मणाची वाटली होती. महाराची आहेत हे कळताच तो मागे सरला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण बाटतील म्हणून कोणी घेईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्याला तयार झाला, तेही असे की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रीच्या त्या वाटेवर पोरांजवळ खायला होते, पण कोणी पाणी दिले नाही म्हणून ती उपाशीच राहिली.

मसूर स्टेशन कुठे आहे, ठाऊक आहे? पुणे-मिरज लाईनवर, कऱ्हाडजवळ. म्हणजे आमच्याच लाईनवर. कोयना एक्स्प्रेसने मुंबईला जाताना खिडकीतून ते दिसते. मी दरवेळी बघतो. पुढे 1929 साली चाळीसगावलाही तेच झाले. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते. आगगाडीने त्यांना व्यवस्थित आणले, पण टांगेवाले न्यायला तयार होईनात. मग आपल्याच वस्तीतला एक माणूस, ज्याला टांगा हाकता येत नव्हता, तो हाकायला बसला. मोरीवर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

दोन्ही वेळा आगगाडीचे तिकीट चालले, अडले ते पुढच्या दोन-चार कोसांत. आमच्या अर्जातला रस्ताही स्टेशनपासून घरापर्यंतचाच. आता जात विचारून कोणी उतरवत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो कमी लेखू नये. पण ज्याच्या घरी मोटारसायकल नाही त्याची अडचण त्याच टप्प्यावर होते.

गाडी आली. गर्दी होती, पण नातीला तिच्या मैत्रिणींनी जागा धरून ठेवलेली. मी दारापाशी उभा राहिलो, जुनी सवय. रुकडी सोडले की पंचगंगेचा पूल लागतो. नदी त्या दिवशी शांत होती, कडेला ऊस. 2019 आणि 2021 च्या महापुरात हीच नदी कुठून कुठे गेली होती ते आठवले. तेव्हा शिरोलीपाशी हायवेही पाण्याखाली गेला होता आणि कोल्हापूर चारी बाजूंनी तुटले होते.

पुलानंतर वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून देशोधडीला लागलेल्या हजारो बायका-मुलांची छावणी इथे होती, 1943 ते 1948. त्यानंतर फाळणीत आलेले सिंधी बांधव इथे वसले आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. आमच्या घरातली सगळ्या लग्नांची लुगडी आणि शालू या पेठेतले. डब्यातल्या अर्ध्या बायका इथे उतरल्या. दुकानात कामाला असतात त्या.

नातीच्या मैत्रिणींशी बोलताना तिकिटाचा विषय निघाला. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे देशभरच्या गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावले गेले. जे किमान तिकीट 10 रुपये होते ते 30 रुपये झाले. फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस ते पुन्हा 10 रुपये झाले. पेपरात ही दोन ओळींची बातमी होती. पण रोज 300-400 रुपये मजुरीवर जाणाऱ्या बाईचा हिशेब करा. जाण्यायेण्याचे 20 ऐवजी 60. एक मुलगी म्हणाली, "आमच्या आईनं तवा काम सोडलं. म्हणाली, हाजरीतलं भाड्यातच जातंय." पुढे तिकीट उतरले, पण तोपर्यंत तिच्या आईची जागा दुसरीने घेतली होती.

आता कोल्हापूरहून पुण्याला वंदे भारतही धावते, सप्टेंबर 2024 पासून. गाडी देखणी आहे. रुकडीला थांबत नाही.

गूळ मार्केट मागे टाकून गाडी कोल्हापुरात शिरली. छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. इथून पुढे रूळ नाहीत. कोकणात वैभववाडीला जोडणारी लाईन होणार असे मी नोकरीत असल्यापासून ऐकतो आहे. फलाटावर एक पाटी मला नेहमी थांबवते, ती दीक्षाभूमी एक्स्प्रेसची. आठवड्यातून एकदा ही गाडी कोल्हापूरहून सुटते आणि नागपूर, गया करीत धनबादला जाते. दीक्षाभूमी आणि बोधगया एकाच गाडीच्या वाटेवर. वडील असते तर त्यांनी पासावर ती गाडी केली असती.

स्टेशनच्या बाहेर केएमटीची बस पकडायची. कोल्हापूरकर तिला 'सिटी' म्हणतात. नात पास दाखवून चढली, मी तिकीट काढले. कंडक्टर पोरगा ओळखीचा निघाला, आमच्या एका फौंड्रीतल्या सोबत्याचा मुलगा. "काका, तुम्ही आज हिकडं कसं?" म्हणून चौकशी केली आणि अर्जाचे कळल्यावर सही केली. वर म्हणाला, "आमच्या गाड्या वाडवा म्हणून बी एक अर्ज लिवा की."

विद्यापीठाच्या फाटकाशी नातीला सोडले. तिचे तास दुपारपर्यंत आणि नंतर प्रयोगशाळा. मला दिवस काढायचा होता. मी बसने बिंदू चौकात आलो. तिथे महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे अर्धपुतळे आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने 9 डिसेंबर 1950 रोजी ते बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. समोर बसेस, रिक्षा, भाजीच्या गाड्या, सगळा गलका. मला हे आवडते. पुतळे बागेत कुंपण घालून ठेवलेले नाहीत, माणसे कामाला जाताना येताना त्यांच्यासमोरूनच जातात.

तिथून चालत दसरा चौकात गेलो. महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढली. अस्पृश्य मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मी विचार करीत उभा होतो. त्या वेळी खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर शहरात राहणे भाग, कारण रोज येऊन-जाऊन शिकणे शक्य नव्हते. म्हणून महाराजांनी राहायची जागा दिली. आज माझ्या नातीला वसतिगृह लागत नाही. ती घरी राहते, आजीला स्वयंपाकात मदत करते, रात्री धाकट्या भावाचा अभ्यास घेते आणि पासावर रोज विद्यापीठात जाते. तिचे बोर्डिंग म्हणजे तो पास. पास असून संध्याकाळी घरी पोचता येत नसेल तर त्या बोर्डिंगचे एक दार बंद झाले असे समजावे.

इथे मी थोडा दूरचा फेरफटका मारणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे. 2023 च्या डिसेंबरात आमच्या भागातल्या काही उपासक-उपासिकांबरोबर मी थायलंडला गेलो होतो. विहारे पाहिली, बुद्धमूर्ती पाहिल्या, त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मी पडलो रेल्वेवाल्याचा मुलगा, माझे लक्ष गाड्यांकडे. बँकॉकमध्ये एके काळी ट्राम होती, ती 1968 साली बंद झाली, जशी आपल्या मुंबईची 1964 साली झाली. मग रस्ते मोटारींनी इतके तुंबले की शेवटी खांबांवरून गाडी न्यावी लागली. तिला स्कायट्रेन म्हणतात, 5 डिसेंबर 1999 रोजी ती सुरू झाली. आम्ही सुखुमवित रस्त्यावर चढलो तेव्हा खाली गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या आणि आम्ही वरून भर्रकन. डब्यात राखीव जागांच्या चित्रात वृद्ध, गरोदर बाई, आणि त्यांच्याबरोबर एक भन्ते काढलेले! आमच्यातल्या एका ताईंनी हात जोडले. संध्याकाळी सहा वाजता स्टेशनात राष्ट्रगीत लागले आणि धावपळ करणारी सगळी माणसे जागच्या जागी उभी राहिली.

पण मी आमच्या वाटाड्याला विचारले, इथला गवंडी या गाडीने जातो का? तो हसला. तिकीट सतरा बाथच्या आसपास सुरू होत होते आणि अंतराप्रमाणे वाढत होते. बाथ म्हणजे तेव्हाचे आपले सव्वादोन-अडीच रुपये. गवंडी जात होता तो लाल बसने, आठ बाथमध्ये, एसी नसलेल्या, खिडक्या उघड्या टाकलेल्या. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्या बसमध्ये बसलो. कंडक्टरबाईंच्या हातात पत्र्याची लांब नळी, तिच्यात तिकिटे आणि नाणी. ती नळी कटकट वाजवत त्या गर्दीतून फिरतात. मला आपल्या कंडक्टरचा टिकटिक वाजणारा पंच आठवला. कालव्यातून बोटीही चालतात, तिथले तिकीटवाले डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या काठावरून, पाण्यावर तोल सांभाळत पैसे गोळा करतात. आणि अयुथ्थयाला आम्ही गेलो ते साध्या तिसऱ्या वर्गाने, पंधरा-वीस बाथमध्ये, हुआ लम्फोंग या 1916 सालच्या जुन्या स्टेशनवरून. कडक बाके, फेरीवाले, टोपल्या घेतलेल्या बायका. मला क्षणभर वाटले रुकडी येईल आता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या सरकारने दोन मार्गांवर कितीही लांब गेले तरी वीस बाथ असे तिकीट केले होते. कारण खांबावरची गाडी रिकामी धावून उपयोग नाही, हे त्यांच्याही ध्यानात आले. आणखी एक गोष्ट मी पाहून ठेवली. स्टेशनवरून गल्लीत आत जायला नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकलवाले उभे असतात. प्रत्येकाच्या जाकिटावर नंबर आणि नाक्यावर दरांची पाटी. म्हणजे शेवटच्या मैलाचा त्यांनी काही तरी बंदोबस्त केला आहे. त्यात धोका आहे, पावसात हाल आहेत, पण रात्री नऊ वाजता एकट्या उतरलेल्या बाईला दर आधी माहीत असतो.

आमच्याकडे शेवटच्या मैलाला आहे ते वडाप. मुंबई-विदर्भाच्या वाचकांसाठी सांगतो, वडाप म्हणजे माणसे भरली की सुटणारी जीप. वेळापत्रक नाही. नऊ माणसांच्या जागी पंधरा बसतात, दोन मागे उभे. मी वडापवाल्यांना दोष देणार नाही. ती पोरे आपल्याच गावची, गाडीचे हप्ते डोक्यावर. 2021 च्या अखेरीला एसटीचा संप सुरू झाला आणि 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा या वडापनेच खेड्यांना जगवले. पण जीप भरेपर्यंत थांबायचे म्हणजे किती थांबायचे, हे कोणी सांगू शकत नाही. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि 75 वर्षांवरच्यांना तर 2022 पासून फुकट. वडापला यातले काही लागू नाही. जिथे बस येत नाही तिथे सवलतही येत नाही, ही साधी गोष्ट आहे.

संध्याकाळी नात आणि मी परतीच्या गाडीला लागलो. ती दमली होती, खिडकीला डोके टेकून झोपली. सकाळच्या भाजीवाल्या अक्का रिकाम्या पाट्या एकात एक घालून बसल्या होत्या, त्यांनी डब्यातल्या चार बायांना बोलावून कागदावर अंगठे घ्यायला लावले. रुकडीला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. बाहेर एकच जीप. चार माणसे बसलेली. ड्रायव्हर म्हणाला, "बसा आबा, भरली की सोडतो." आम्ही बसलो. पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणजे जीप भरायलाही वेळ. नात पुस्तक काढून मोबाईलच्या उजेडात वाचू लागली. तिच्या शेजारी एक अकरावीची मुलगी सारखी फोन करून घरी सांगत होती, "येतोय, आजून सुटली न्हाई." तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडून वडिलांचा आवाज चढलेला मला ऐकू आला.

आमच्या गल्लीतल्या दोन मुलींनी मागच्या वर्षी कॉलेज सोडले. कारण विचारले तर घरचे सांगतात, अभ्यासात लक्ष नव्हते. मी त्यातल्या एकीला विचारले होते. ती म्हणाली, "आबा, रोज रातीला बाबा फाट्यावर येऊन हुबं ऱ्हात्यात. सकाळी त्यांची पाळी असती. कितीदा हुबं करायचं त्यास्नी?"

रुकडीपासून माणगाव पायी तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे 21 आणि 22 मार्च 1920 ला परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष आणि शाहू महाराज स्वतः हजर. महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. तेव्हा बाबासाहेबांचे वय 28. त्या सभेला आसपासच्या खेड्यांतून आमची माणसे पायी गेली होती, असे आजा सांगत असे. रात्री कंदील घेऊन परत आली. आजाने ते अभिमानाने सांगावे हे ठीकच. पण नातीने एम. एस्सी.साठी कंदील घेऊन चालावे असे त्यालाही वाटले नसते.

जीप भरायला त्या दिवशी पाऊण तास लागला.

घरी आल्यावर मी आधीचा अर्ज फाडला. त्यात 'समस्त ग्रामस्थांची गैरसोय' वगैरे भाषा होती. नवा लिहिला, एका पानाचा. गाडी किती वाजता येते, जीप किती वाजता सुटते, त्या वेळेत किती मुली स्टेशनबाहेर बसलेल्या असतात, हे नातीने आठ दिवस वहीत टिपून दिले. तेवढेच लिहिले आणि खाली सह्या व अंगठे जोडले. संबंधित कचेरीत जाऊन देऊन आलो. तिथल्या बाबूने वाचले आणि पहिल्यांदाच मान वर करून विचारले, "ही वही कुणी ठेवली?" मी नातीचे नाव सांगितले.

पोच मिळाली आहे, शिक्क्यासह. महिन्याने चौकशीला या म्हणाले. वही चालू आहे.